उलटी प्रार्थना

‘देवाची मर्जी’ हे शब्द आमच्या वसईत मी सगळ्यात जास्त ऐकले ते मयताच्या घरी. तरणाताठा मुलगा मोटारसायकलवरून पडून गेला, देवाची मर्जी. पुढे पुढे ते इतर ठिकाणीही ऐकू येऊ लागले. विहिरीचं पाणी मचूळ झालं, देवाची मर्जी. मला हे कधी पटलं नाही, आज तर मुळीच पटत नाही. विहिरी मचूळ झाल्या त्या टँकरने वर्षानुवर्षं पाणी उपसलं म्हणून. त्यात देवाला ओढणं हा त्याच्यावर अन्याय आहे. देवाची इच्छा पृथ्वीवर पूर्ण होवो, अशी प्रार्थना येशूने आपल्याला शिकवली. जे घडतं ते सगळं देवाच्या इच्छेनेच घडत असतं, तर ही प्रार्थना शिकवायची गरजच काय होती? जे रोज होतंच आहे ते कोण मागत बसेल?

मग ती इच्छा ओळखायची कशी, आणि आपली इच्छा तिच्याशी जुळवायची कशी? लहानपणापासून धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेली ही गोष्ट. तिच्याशी माझी खरी गाठ पडली ती वाडी विकायची वेळ आली तेव्हा.

आमची वाडी गास गावाच्या बाजूला. बाबांच्या वेळी तिच्यात पानवेल होती, केळी होती, सोनचाफा आणि मोगरा होता, कडेला नारळ आणि एका अंगाला बावखल. बावखल म्हणजे आमच्याकडचं खोदलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. आमच्या पूर्वजांचं शहाणपण बघायचं असेल तर माणसाने बावखल बघावं. किती बावखलं भराव टाकून बुजवली आणि वर इमारती उठल्या, ते बघतच आमची पिढी म्हातारी झाली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं, तेव्हा मी नुकताच बँकेत लागलो होतो. मोर्चात मी चाललो, घोषणा दिल्या. आपली वाडी कधी विकायची नाही हे मी तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं.

वाडी केली मात्र दादाने. बाबांच्या मागे पहाटे उठून फुलं खुडायची, टोपली घेऊन लोकलने दादरला जायचं, परत येऊन पाणी लावायचं, हे त्याचं आयुष्य. मी त्याच लाइनीवरून चर्चगेटला जात होतो, पण हातात डबा आणि अंगात इस्त्रीचा शर्ट. दादाचा एक मुलगा दुबईला, दुसरा मालाडला कॉम्प्युटरवर. दोघांनाही मातीत हात घालायचा नाही, आणि त्यांना मी दोष देत नाही. दादाचे गुडघे गेले. मजूर मिळेना. रस्त्याच्या बाजूची जमीन मागायला बिल्डर येऊन गेला. दादा म्हणाला, ‘‘आता पुरे. विकून टाकू.’’

आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. आईबाबा मृत्युपत्र न करता गेलेले, त्यामुळे सातबाऱ्यावर तिघांची नावं: दादा, मी आणि विरारला दिलेली आमची बहीण. बहीण म्हणाली, तुम्ही दोघे ठरवाल ते मला मान्य. म्हणजे गाडी अडली होती माझ्या सहीवर.

मी सही देत नव्हतो. माझी कारणं खोटी नव्हती. झाडं, पाणी, वाडवडिलांची जमीन, पुढच्या पिढीचा श्वास, सगळं खरं होतं. रविवारी मिस्साला जायचो, कम्युनियन घेऊन बाकावर गुडघे टेकायचो आणि मनापासून मागायचो : प्रभू, दादाचं मन वळव. जेवणाच्या टेबलावर आमचं बोलणं कमी होत गेलं. एकदा वहिनी भांडी आवरता आवरता म्हणाल्या, ‘‘भावोजी, वाडी राहावी असं तुम्हाला वाटतं ते खरंय. पण वाडीत राबायचं कुणी?’’ मी काही बोललो नाही.

त्या वर्षी उपवासकाळाच्या आधी मी येशूसंघीयांच्या, म्हणजे जेसुइटांच्या, एका तपसाधनागृहात आठ दिवसांच्या मौनाला गेलो. आपल्याकडे पुष्कळांना वाटतं, तपसाधना म्हणजे प्रवचनं ऐकायची. इथे प्रवचन नव्हतं. संत इग्नेशिअस लोयोला याने आखून दिलेली ही साधना. पोप तिसरे पॉल यांनी १५४८मध्ये तिच्या पुस्तकाला मान्यता दिली, आणि अजून ती जगभर तशीच चालते. दिवसातून चार-पाच वेळा एकेक तास प्रार्थना, बाकी वेळ गप्प, आणि रोज थोडा वेळ मार्गदर्शक फादरांशी बोलणं. माझे फादर वयस्क होते. मोजकं बोलायचे. मी पहिल्याच भेटीत वाडीचं सगळं सांगून टाकलं आणि म्हणालो, ‘‘देवाची इच्छा काय आहे ते मला कळायला हवं.’’

ते म्हणाले, ‘‘ते नंतर बघू. तुम्हाला काय हवंय?’’

मला वाटलं, मी ते आत्ताच सांगितलं. पण ते रोज तेच विचारत राहिले. मी एकदा चिडून म्हटलं, ‘‘फादर, माझ्या इच्छेचं काय घेऊन बसलात? ती बाजूला ठेवायलाच मी इथे आलोय.’’ तेव्हा त्यांनी मला गेथशेमाने बागेतला उतारा वाचायला दिला. येशू तिथे घाबरलेला आहे. समोर आलेलं टळावं, अशी आपली इच्छा तो बापाला सरळ सांगतो आणि मग स्वतःला त्याच्या हाती सोपवतो. हे एकदा करून भागत नाही, पुन्हा पुन्हा करावं लागतं. फादर म्हणाले, ख्रिस्ताला स्वतःची मानवी इच्छा होती की नव्हती, यावर चर्चमध्ये मोठा झगडा झाला आहे. तशी वेगळी इच्छा त्याला होती असं ठामपणे म्हटलं म्हणून मॅक्सिमस नावाच्या म्हाताऱ्या साधूची जीभ आणि उजवा हात कापला गेला. तो ६६२मध्ये हद्दपारीत वारला. पुढे ६८०-८१मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या विश्वपरिषदेने त्याचंच म्हणणं खरं धरलं : ख्रिस्तात दैवी इच्छा आहे आणि पुरती मानवी इच्छाही आहे.

माझ्यासारख्या बँकेतल्या माणसाला सातव्या शतकातल्या या वादाचं काय? पण त्या दुपारी मी बागेच्या बाकावर बसलो आणि मला केवढा तरी धीर आला. देवापुढे येताना माझी इच्छा दाराबाहेर काढून ठेवायची नव्हती. ती घेऊनच आत जायचं होतं. मी तिचं नाव घेऊन बोललो. वाडी हवी. बावखल हवं. बाबांनी लावलेला चाफा हवा. बोलता बोलता आणखीही काही बाहेर आलं : गावात मला ‘वाडी राखणारा’ म्हणतात ते हवं.

दुसऱ्या दिवशी फादरांनी इग्नेशिअसची तीन माणसांची गोष्ट ध्यानाला दिली. तिघांनाही दहा-दहा हजार डुकाट, म्हणजे त्या काळच्या सोन्याच्या मोहरा, मिळालेल्या आहेत. पैसा लबाडीचा नाही, पण निव्वळ देवाच्या प्रेमापोटीही मिळवलेला नाही. तिघांनाही मनावरचं ओझं उतरवायचंय. पहिला ‘करू, करू’ म्हणतो आणि करता करता मरतो. दुसऱ्याला पैशाची आसक्ती सोडायची आहे, पैसा सोडायचा नाही; देवाने त्याला हवं तिथे यावं, अशी त्याची खटपट. तिसरा म्हणतो, ठेवायचं की सोडायचं हे मी आधी ठरवणारच नाही. देवाच्या सेवेला जे बरं दिसेल ते करीन. इग्नेशिअसला माणूस असा, तराजूच्या मधल्या काट्यासारखा, कुठेही न झुकलेला हवा होता. दुसरा माणूस कोण, हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

संध्याकाळी फादर म्हणाले, ‘‘आज रात्री उलटं मागा. वाडी विकली जावी, असं देवाकडे मागा.’’

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ते सावकाश म्हणाले, ‘‘वाडी विका असं मी म्हणत नाही. ते मला ठाऊक नाही. काटा एका बाजूला इतका झुकलाय की मध्ये यायला तुम्हाला दुसऱ्या बाजूला वजन टाकावं लागेल. हे इग्नेशिअसच्या पुस्तकात आहे, माझ्या मनचं नाही.’’

त्या रात्री मी चॅपलमध्ये बसलो. दिवा जळत होता, आणखी दोघे-तिघे पाठमोरे बसलेले. मी म्हणायला गेलो, प्रभू, वाडी... आणि शब्द पुढे येईनात. घसा दाटून आला. राग आला, फादरांचा, दादाचा, आणि खरं सांगायचं तर देवाचाही. मी उठून खोलीत गेलो. झोप लागली नाही, परत आलो. कधीतरी उत्तररात्री ते वाक्य मी पूर्ण म्हटलं. त्यात श्रद्धा फारशी नव्हती, सांगितलं म्हणून म्हटलं. पुन्हा म्हटलं. पुढच्या दिवशी प्रत्येक प्रार्थनेच्या सुरुवातीला म्हटलं.

बदल झाला तो मी ज्या बाजूला बघत होतो तिथे झाला नाही. वाडी विकण्याची इच्छा माझ्यात उपजली नाही. पण ते मागत असताना डोळ्यांपुढे वाडी यायची थांबली आणि दादा येऊ लागला. पायरी उतरताना आधी भिंतीला हात लावणारा दादा. वीस वर्षांचा असताना, मला कॉलेजची फी भरता यावी म्हणून नवी सायकल न घेतलेला दादा. इतके महिने मी दादासाठी प्रार्थना करत होतो, पण त्यात दादा कुठेच नव्हता, त्याचं फक्त वळवायचं मन होतं.

फादरांनी मला एक काम दिलं होतं : वाडी राहिली आहे अशी कल्पना करा आणि तिच्यात राहा, मग ती गेली आहे अशी कल्पना करा आणि तिच्यातही राहा, दोन्हीनंतर मन कसं होतं ते लिहून ठेवा. हे मूळ इग्नेशिअसच्या स्वतःच्या आयुष्यातून आलेलं. १५२१मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. घरी पडून असताना वाचायला शौर्याच्या कादंबऱ्या मागितल्या, तर घरात ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा तेवढ्या होत्या. तो कधी एका थोर घराण्यातल्या स्त्रीची आणि पराक्रमाची स्वप्नं बघायचा, कधी संतांसारखं जगण्याची. बघताना दोन्हींत रमायचा. पण पहिली स्वप्नं संपली की मन कोरडं पडायचं, दुसरी संपल्यावरही आनंद मागे राहायचा. त्या फरकाकडे त्याने लक्ष दिलं, आणि एका सैनिकाचा संत झाला.

माझ्या वहीत दिसलं ते असं. वाडी राहिली असं बघताना छातीत एकदम ऊब यायची. मग थोड्या वेळाने मी मनातल्या मनात कुणाशी तरी वाद घालत असायचो, उत्तरं जुळवत, जबडा आवळून. वाडी गेली असं बघताना रडू यायचं. पण रडून झाल्यावर आत कुणीतरी शेजारी बसल्यासारखं वाटायचं, आणि ते वाटणं दुसऱ्या दिवशीही असायचं. मी फादरांना हे आनंदाने सांगितलं. ते खूश झाले नाहीत. म्हणाले, ‘‘भांडण मिटेल म्हणून हायसं वाटतंय का, ते बघा. हायसं वाटणं आणि शांती एक नाही. जिच्यासाठी काही करावं लागत नाही अशी शांती मला संशयास्पद वाटते.’’ आणि शेवटी त्यांनी मरणशय्येवर स्वतःला पाहायला सांगितलं : त्या वेळी हा निर्णय कसा घेतला असता तर बरं, असं वाटेल? मी तिथे वाडी शोधली. दिसला दादा, आणि आम्ही एकमेकांशी बोलत होतो की नाही एवढाच प्रश्न.

घरी निघायच्या आदल्या संध्याकाळी आमच्या गासच्या संत गोन्सालो गार्सियाची आठवण आली. त्याच्या नावाच्या चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा झालेला, त्याची गोष्ट मुखोद्गत. पण तोवर मला त्यातलं हुतात्मा होणंच दिसायचं. हा सोळाव्या शतकातला वसईचा मुलगा, येशूसंघीयांच्या हाताखाली शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला. त्याला येशूसंघात जायचं होतं. किती चांगली इच्छा! त्याला घेतलं नाही. तो व्यापारात शिरला, पुढे मनिलाला गेला आणि फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर झाला. जपानी येत होतं म्हणून दुभाष्या होऊन पुन्हा जपानला पोचला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला पंचवीस जणांसोबत क्रुसावर गेला. १८६२मध्ये त्याला संतपद मिळालं. त्याची पहिली इच्छा देवाला नको होती, म्हणून देवाने दार लावून घेतलं, असं मी म्हणणार नाही. दारं माणसंही लावतात. पण लागलेल्या दाराशी तो कुढत बसला नाही, एवढं खरं. ख्रिस्तावरचं प्रेम घेऊनच तो व्यापारात गेला असणार, नाहीतर ते मनिलात सापडलं नसतं.

घरी आल्यावर मी लगेच सहीचं काही बोललो नाही. पहाटे उठून दादाबरोबर वाडीत गेलो. त्याने विचारलं, ‘‘तू कशाला?’’ मी म्हटलं, ‘‘फुलं खुडतो.’’ चाफ्याचं फूल देठाशी कसं धरायचं, तेही मला नीट येत नव्हतं, दादाने दाखवलं. तो सबंध उन्हाळा मी जात राहिलो. पाठ दुखून आली. बाकी सगळं वहीत लिहून कळलं होतं, पण दादाचं ‘पुरे’ काय असतं ते तिथे कळलं. बोलता बोलता दादाने सांगितलं की त्याला बंगला नको, गाडी नको. गुडघ्यांचं ऑपरेशन करायचंय आणि मुलांकडे हात पसरायचा नाही. हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं.

एके दिवशी बांधावर बसून मी म्हटलं, ‘‘दादा, तू सांगशील तिथे सही करतो.’’

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘बावखल बुजवायचं नाही, अशी अट घालू?’’

मी हे मागितलं नव्हतं. काटा मध्ये आला की प्रयत्न सोडायचे, असंही मात्र नाही. इच्छा देवाच्या हाती दिल्यावर माझं डोकं उलट चांगलं चालू लागलं. बँकेत आयुष्यभर कागद वाचले होते, ते कामी आले. बिल्डरने देऊ केलेला भाव कमी होता, तो वाढवून घेतला. पैशांचे टप्पे लिहून घेतले. रस्त्याकडचा भाग दादाचा आणि बहिणीचा, मागचा बावखलाकडचा तुकडा माझ्या वाट्याला, अशी मोजणी करून वाटणी नोंदवली. आधी यातलं एकही काम मला सुचलं नसतं, कारण आधी मला फक्त जिंकायचं होतं.

पुढचा भाग गेला. बाबांचा चाफा त्याच भागात होता. तो वाचवता आला नाही. जेसीबी आला त्या दिवशी मी घरात थांबलो, आणि रडलो. हे लिहिणं मला गरजेचं वाटतं, कारण देवाच्या इच्छेला होकार दिला की दुःख विरघळतं, असं काही वक्ते सांगत फिरतात. येशूला तसं झालेलं दिसत नाही. जे झालं तेच देवाला हवं होतं, असाही माझा दावा नाही. तिथली इमारत देवाने बांधलेली नाही. इतकंच म्हणतो की दादाला तोडून मी वाडी राखावी, हे त्याला नक्की नको होतं. आणि हे बघण्याइतका मोकळा मी स्वतःच्या बळावर झालो नसतो.

दादाच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. तो आता काठी घेऊन मागच्या तुकड्यात येतो, आम्ही दोघे तिथे अळू आणि थोडी केळी करतो. रोज रात्री झोपण्याआधी दिवस उलगडून बघायची इग्नेशिअसची पद्धत मी सोडलेली नाही : आज मन कुठे मोकळं होतं, कुठे आवळलं. पुष्कळदा ते अजून त्या बावखलापाशीच आवळलेलं सापडतं. मग उलटी प्रार्थना करतो.

परवा मुलगी पुण्याहून आली होती. तिने विचारलं, ‘‘पप्पा, तुमच्यानंतर या तुकड्याचं काय?’’ मला काय हवंय ते मी तिला स्पष्ट सांगितलं. मग म्हटलं, ‘‘तुला काय हवंय ते तू नीट बघ. घाई करू नको. मग देवापुढे आपण दोघांच्या इच्छा ठेवू.’’ ती अजून विचार करते आहे.